दुसऱ्याचं बोलणं, आपला काळ

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत एक शिक्षक पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सांगत आला आहे: पृथ्वी सूर्याभोवती फिरते. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ज राउंड द सन.’ यातलं ‘सेड’ भूतकाळी, ‘मूव्ज’ मात्र वर्तमानकाळी. डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यात हे वाक्य अपवाद म्हणून येतं. नियम असा की ‘सेड’ भूतकाळात असेल तर आतल्या वाक्याचा काळही एक पायरी मागे न्यायचा. ‘इज’चं ‘वॉज’, ‘हॅज’चं ‘हॅड’, ‘विल’चं ‘वुड’. आणि सांगितलेली गोष्ट त्रिकालाबाधित सत्य असेल तर काळाला हात लावायचा नाही. मुलं नियम पाठ करतात, अपवाद पाठ करतात, मार्क घेतात आणि पुढच्या धड्याला लागतात. त्रिकालाबाधित सत्य कोणतं हे ठरवायचं कोणी, एवढा एक प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही. विचारला तर अख्खा धडा उसवेल.

उसवून बघू. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त मांडलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तारे फिरताना दिसतात. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्यावर टीका केली, त्याच्या मते पृथ्वी स्थिर. आता ही दोन्ही मतं इंग्रजीत सांगायची आहेत. ‘आर्यभट सेड दॅट द अर्थ रोटेट्स.’ झकास. ‘ब्रह्मगुप्त सेड दॅट द अर्थ डज नॉट रोटेट.’ इथे इंग्रजीचा कान लगेच अडखळतो. ‘डिड नॉट’ म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं. पण दोघं आपापलं मत त्रिकालाबाधित सत्य म्हणूनच सांगत होते. खात्रीत ब्रह्मगुप्त आर्यभटापेक्षा तसूभर कमी नव्हता. फरक त्या दोघांत नाही. फरक आपल्यात आहे: आज आपण एकाशी सहमत आहोत, दुसऱ्याशी नाही. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताच्या एखाद्या शिष्याला ही दोन वाक्यं इंग्रजीत लिहायची वेळ आली असती तर त्यानं काळांची बरोबर उलटी मांडणी केली असती, आणि व्याकरणाच्या दृष्टीनं तोही चुकला नसता.

आणखी एक. ‘आर्यभट सेड दॅट द अर्थ रोटेटेड’ हेही इंग्रजीत बिनचूक आहे. असं लिहिणारा आर्यभटाला खोटं ठरवत नाही. आर्यभट काय म्हणाला एवढंच तो सांगतो आणि स्वतः बाजूला राहतो. म्हणजे काळ मागे नेल्यानं नकार होत नाही, काहीच होत नाही. काळ जागेवर ठेवला तरच काहीतरी होतं: सांगणारा म्हणतो की हे त्यावेळी म्हटलं गेलं आणि आजही ते माझ्या हिशेबात चालू आहे. इंग्रजीत काळ मागे नेणं ही निमूट वाट आहे. न नेणं हे बोलणं आहे. माझा सगळा आग्रह एवढाच आहे की आपल्याकडे हा विषय बरोबर उलटा शिकवला जातो. मागे नेणं हा पराक्रम आणि न नेणं ही चूक, किंवा फार तर अपवाद.

याचं खापर एकट्या शाळेवर फोडता येणार नाही. लॅटिनमध्ये मुख्य आणि गौण वाक्यांच्या काळांची सांगड घालण्याचे कडक नियम होते, आणि इंग्रजीची व्याकरणं बराच काळ लॅटिनच्या साच्यात घालून लिहिली गेली. आपल्यापर्यंत ती रेन अँड मार्टिनच्या लाल पुस्तकातून पोचली. यातला रेन म्हणजे पी. सी. रेन. हा गृहस्थ मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि १९२४ साली त्यानं ‘बो जेस्त’ ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी लिहून नाव कमावलं. त्याच १९२४ साली डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांचं ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ आलं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ मागे सरकतो त्याला त्यांनी ‘बॅक-शिफ्टिंग’ हे नाव दिलं आणि त्यामागचं मानसशास्त्र शोधायचा प्रयत्न केला. एका वर्षातली ही दोन पुस्तकं; आपल्या वाट्याला कादंबरीकाराचं व्याकरण आलं, भाषाशास्त्रज्ञाचं आलं नाही. रेननं स्वतःच्या कादंबऱ्यांत पात्रांना बोलायला लावताना ते कोष्टक समोर धरलं असेल असं मला मुळीच वाटत नाही.

कोष्टक सगळ्यांना आठवत असेल. ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘धिस’चं ‘दॅट’, ‘अगो’चं ‘बिफोर’. यातला एकही बदल व्याकरणानं घडत नाही. तो घडतो सांगणाऱ्याची जागा आणि वेळ बदलली म्हणून. बदलली नसेल तर घडत नाही. ‘इथे पाणी नाही’ असं कुणी मला सांगितलं आणि मी त्याच नळापाशी उभा राहून तुम्हाला सांगतो आहे, तर ‘हिअर’चं ‘देअर’ करून मी पाण्याऐवजी तुम्हालाच भलतीकडे पाठवीन. तरी परीक्षेत ‘हिअर’ तसंच ठेवणाऱ्याचे मार्क जातात. कारण परीक्षेतल्या वाक्याला जागाच नसते. ते कोणी, कुठे, कोणाला, कधी सांगितलं याचा पत्ता नसताना त्याचं रूपांतर करायचं असतं. ही भाषेची परीक्षा नव्हे. हे पैशाचं आणे-पै करण्यासारखं गणित आहे.

मराठी माणसाला हे सगळं जड का जातं तेही पाहिलं पाहिजे. समजा शेजारच्या काकू दोन वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, ‘सुनेला दिवस गेलेत.’ आज मी कुणाला सांगतो, ‘काकू दोन वर्षांपूर्वीच म्हणाल्या होत्या की सुनेला दिवस गेलेत.’ मराठीत यात काहीही वावगं नाही. नातू आता घरभर धावतो आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असलं तरी कुणी दचकत नाही. इंग्रजीत मात्र ‘टू यर्स अगो शी सेड हर डॉटर-इन-लॉ इज प्रेग्नंट’ म्हटलं की ऐकणारा थबकतो. अजून? हे कसलं गरोदरपण? इंग्रजीतला तो ‘इज’ दोन ठिकाणी खरा असावा लागतो: काकू बोलल्या त्या वेळी आणि मी बोलतो आहे त्या वेळी. डोरिट अबुश, म्यूर्वेत एन्च यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८० नंतर अशा वाक्यांचा बारकाईनं विचार केला. या दुहेरी अर्थाला ‘डबल ॲक्सेस’ म्हणतात. दोन्ही खोल्यांत उघडणारं दार. मराठीतला ‘गेलेत’ एकाच खोलीत उघडतो, काकूंच्या. रशियन आणि जपानी भाषाही आतल्या वाक्याचा काळ मूळ बोलणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे ठेवतात, तेव्हा यात मराठीचं काही कमी आहे असं नाही. दोन वेगळ्या सोयी आहेत इतकंच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. बर्नार्ड कॉम्री यांनी १९८५ च्या ‘टेन्स’ या पुस्तकात इंग्रजीतली ही काळाची सांगड मुळात औपचारिक नियम म्हणून मांडली: बाहेर भूतकाळ आला की आतही येतो, अर्थाशी त्याचा संबंध जोडायची गरज नाही. या बाजूचा पुरावा भक्कम आहे. असं वाक्य घ्या: एक मुलगी गेल्या सोमवारी म्हणाली की पुढच्या महिन्यात मी आईला सांगणार आहे की मी नोकरी सोडते आहे. इंग्रजीत ‘शी सेड दॅट नेक्स्ट मंथ शी वुड टेल हर मदर दॅट शी वॉज लीव्हिंग हर जॉब.’ यातल्या ‘वॉज लीव्हिंग’कडे पाहा. ते सोडणं अजून झालेलं नाही, आईशी बोलणंही पुढच्या महिन्यात व्हायचं आहे. जगातल्या कुठल्याही भूतकाळाशी त्या ‘वॉज’चा संबंध नाही. बाहेरच्या ‘सेड’चा रंग आतपर्यंत उतरला आहे, बस. मग माझ्या ‘सांगणाऱ्याच्या मान्यते’चं काय राहिलं?

राहिलं, आणि मला वाटतं अधिक स्पष्ट झालं. काळ मागे जाणं यांत्रिक आहे हे मी मान्य करतो. म्हणूनच ते निमूट आहे. जे आपोआप होतं त्यातून कोणी काही सांगू शकत नाही. जे आपोआप होणार होतं ते मुद्दाम थांबवलं तर मात्र सांगू शकतो. लग्नाच्या पंगतीत सगळे चप्पल बाहेर काढून येतात तेव्हा त्यावरून कोणी कोणाबद्दल काही ठरवत नाही. एकजण बूट घालून आला की सगळ्यांच्या नजरा वळतात. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ च्या केंब्रिज व्याकरणात हे काळ मागे नेणं पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक असल्याचं सविस्तर दाखवलं आहे. ऐच्छिक म्हणजे कसंही चालेल असं नव्हे. ऐच्छिक म्हणजे इच्छा दिसून येते असं.

ही इच्छा किती महागात पडू शकते हे समजायला इंग्लंडच्या पार्लमेंटकडे वळावं लागतं. १७३८ साली कॉमन्स सभेनं आपल्या चर्चा छापायला सक्त मनाई केली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’चा मालक एडवर्ड केव्ह यानं त्यातून पळवाट काढली: लिलिपुटच्या, म्हणजे बुटक्या माणसांच्या काल्पनिक देशातल्या संसदेच्या चर्चा म्हणून वृत्तान्त छापायचे, खऱ्या नावांची अक्षरं उलटसुलट करून. १७४१ ते १७४४ ही भाषणं लिहीत होता सॅम्युएल जॉन्सन. पुढे इंग्रजी शब्दकोश करणारा तोच. तो सभागृहाच्या गॅलरीत एकदाच गेला होता असं त्यानंच नंतर सांगितलं. कोणीतरी तोटकी टिपणं आणून द्यायचं, आणि जॉन्सन माळ्यावरच्या खोलीत बसून भाषणं रचायचा: प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी, वक्ता समोर उभा राहून बोलतो आहे अशी. बऱ्याच वर्षांनी एका मेजवानीत कोणी विल्यम पिटच्या एका गाजलेल्या भाषणाची तोंड भरून स्तुती केली तेव्हा जॉन्सननं सांगितलं की ते भाषण मी लिहिलं, एक्सेटर स्ट्रीटवरच्या खोलीत. लोक ही भाषणं अस्सल मानतात हे लक्षात आल्यावर त्याचं मन खात होतं अशीही नोंद आहे.

आता याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातलं हॅन्सर्ड, म्हणजे त्याच पार्लमेंटच्या चर्चांचा छापील वृत्तान्त, ठेवा. त्यात बरीच भाषणं तृतीयपुरुषी भूतकाळात आहेत: माननीय सदस्य म्हणाले की त्यांना हे विधेयक मान्य नव्हतं, सरकारनं खुलासा करायला हवा होता, वगैरे. कोरडं, बेचव. १९०९ साली कॉमन्सनं स्वतःचे वृत्तलेखक नेमले आणि मग प्रथमपुरुषी, जवळजवळ शब्दशः नोंदी सुरू झाल्या. पण त्या बेचव भूतकाळात एक प्रामाणिकपणा होता. १९०९ च्या आधीचं हॅन्सर्ड मुख्यतः वर्तमानपत्रांतल्या वृत्तान्तांवरून जुळवलेलं असायचं. काळ मागे नेलेलं प्रत्येक वाक्य वाचकाला सांगत असे की हा मथितार्थ आहे, तोंडचे शब्द नव्हेत. जॉन्सनच्या जिवंत वर्तमानकाळानं शब्द खरे असल्याचा आव आणला. हॅन्सर्डच्या मेलेल्या भूतकाळानं तसा आव आणला नाही. अवतरणचिन्ह खोटं बोलू शकतं. ‘ही सेड दॅट ही वॉज’ला खोटं बोलणं तेवढं सोपं नाही, कारण त्यानं मुळात वचनच कमी दिलेलं असतं.

‘ही सेड’ हेच शब्द गाळले तर काय होतं? काळ मागे गेलेला, सर्वनाम बदललेलं, पण कोण म्हणालं ते लिहिलेलं नाही. जेन ऑस्टिननं इंग्रजी कादंबरीत ही तऱ्हा मुरवली आणि फ्रेंचमध्ये फ्लोबेरनं ती टोकाला नेली. १८५७ साली ‘मादाम बोव्हारी’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी परपुरुषाशी संबंध आल्यानंतर नायिका एमाला होणाऱ्या आनंदाचं वर्णन कोर्टात वाचून दाखवलं आणि लेखक व्यभिचाराचं कौतुक करतो आहे असा ठपका ठेवला. ती वाक्यं एमाच्या मनातली होती. फक्त ‘तिला वाटलं’ हे शब्द नव्हते. फ्लोबेर सुटला, पण पिनार मूर्ख होते असं म्हणून चालणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं कुठे संपतं आणि सांगणाऱ्याचं कुठे सुरू होतं ही रेघ किती बारीक असते, हे त्यांना उलट्या बाजूनं का होईना, कळलं होतं.

ही रेघ काळाखेरीज आणखी एका ठिकाणी ओढली जाते: बाहेरच्या क्रियापदात. ‘सेड’, ‘क्लेम्ड’, ‘बिलीव्ह्ड’ यांच्या आत काहीही ठेवा, खरं किंवा खोटं. ‘न्यू’, ‘रिअलाइझ्ड’, ‘लर्न्ड’ यांच्या आत मात्र खरंच ठेवावं लागतं. मराठीतही ‘म्हणाला’ आणि ‘कळलं’ यांत हाच फरक. २८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी काँग्रेसपुढच्या वार्षिक भाषणात सोळा शब्दांचं एक वाक्य उच्चारलं. आशय असा की सद्दाम हुसेननं अलीकडे आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणात युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला हे ब्रिटिश सरकारला कळलं आहे. क्रियापद होतं ‘हॅज लर्न्ड’. ‘सेज’ नव्हे, ‘बिलीव्ह्ज’ही नव्हे. सांगणारे ब्रिटिश, पण ‘कळलं’ या शब्दानं खरेपणाची हमी अमेरिकेच्या अध्यक्षांनी घेतली, आणि ‘हॅज’नं ती हमी आजच्या तारखेत आणून ठेवली. सीआयएला या माहितीबद्दल शंका होती. तीन महिने आधीच्या एका भाषणातून हा उल्लेख तिच्याच सांगण्यावरून काढला गेला होता. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. जुलैमध्ये व्हाइट हाउसनं कबूल केलं की ते वाक्य भाषणात यायला नको होतं आणि सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी जबाबदारी स्वीकारली. बचाव करणाऱ्यांचा मुद्दा होता की आम्ही तर फक्त ब्रिटिशांचं म्हणणं सांगितलं. व्याकरण या बचावाच्या बाजूनं नाही. दुसऱ्याचं म्हणणं ‘फक्त सांगायचं’ असेल तर त्यासाठी इंग्रजीत साधनं हाताशी होती, आणि ती वापरलेली नव्हती.

जर्मन भाषेनं तर यासाठी क्रियापदाचं निराळं रूपच राखून ठेवलं आहे. तिथला बातमीदार दुसऱ्याचं विधान त्या रूपात सांगत जातो. प्रत्येक वाक्याला ‘असं ते म्हणाले’ जोडावं लागत नाही, आणि हे माझं म्हणणं नाही हे रूपावरूनच कळतं. इंग्रजीला ती सोय नाही, म्हणून तिनं भूतकाळाला जुंपलं. इंग्लंडातल्या ‘गार्डियन’ची शैलीपुस्तिका आजही सांगते की बोलणं सांगताना वर्तमानाचा भूतकाळ करा. अमेरिकी बातम्यांत मात्र ‘सेड... विल’ सर्रास दिसतं. मला ब्रिटिश पद्धत पसंत आहे. मंत्र्यानं दिलेलं आश्वासन ‘वुड’मध्ये सांगणारा बातमीदार त्या आश्वासनाची वकिली करत नाही, ‘विल’मध्ये सांगणारा नकळत थोडी करतो.

आणि मराठी? मराठीला काळ मागे नेता येत नाही, म्हणून ती भोळी आहे असं कोणी समजू नये. ‘आपल्याला बरं नाही असं तो म्हणाला’ या वाक्यात ‘आपल्याला’नं जे काम केलं ते इंग्रजी ‘ही’ला जमत नाही: आजारी तोच, दुसरा कोणी नव्हे. इंग्रजीच्या सवयीनं आपण ‘तो म्हणाला की त्याला बरं नाही’ लिहितो आणि मग आजारी नक्की कोण ते वाचकानं शोधायचं. अंतर राखायला आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘त्यांचा बंगला विकला म्हणे’ यात सांगणाऱ्यानं हात झटकून मोकळं केलेले असतात, आणि तेही कोण म्हणालं ते न सांगता. कोर्टात तर याहून चमत्कारिक प्रकार चालतो. फौजदारी प्रक्रियेनुसार साक्षीदाराची जबानी साधारणपणे प्रश्नोत्तरांऐवजी निवेदनाच्या रूपात उतरवून घेतात. १९७३ च्या संहितेतही तसंच होतं. प्रश्न वकिलाचा, उत्तर साक्षीदाराचं, पण कागदावर प्रश्न गायब होतो आणि सगळं साक्षीदाराच्या तोंडी जातं. म्हणून उलटतपासाच्या शेवटी हटकून ते वाक्य येतं: ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ हे म्हणणं कोणाचं? वकिलाचं. त्यातला ‘मी’ कोण? साक्षीदार. वाक्य कोणी रचलं? न्यायाधीशांनी. तीन माणसं एका वाक्यात, आणि मराठी ते वाकवूनही मोडू देत नाही.

मोडतोड होते ती इंग्रजीतून मराठीत येताना. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी समोर आहे: ‘द मिनिस्टर सेड ही हॅड नो इन्फर्मेशन अबाउट द फाइल.’ मंत्री बहुधा म्हणाला होता, ‘आय हॅव नो इन्फर्मेशन.’ रात्रपाळीचा उपसंपादक घाईत लिहितो: ‘त्या फाइलची मला माहिती नव्हती, असे मंत्री म्हणाले.’ एका ‘नव्हती’नं गोष्ट कुठल्या कुठे गेली. ‘माहिती नाही’ म्हणजे मी आत्ता काही सांगू शकत नाही, टोलवाटोलवी. ‘माहिती नव्हती’ म्हणजे पूर्वी नव्हती, आता आहे. फाइल होती हे कबूल. आणि कदाचित माझ्या नकळत सही घेतली गेली असा बचावही. दुसऱ्या दिवशी विरोधक त्या ‘नव्हती’वर पत्रकार परिषद घेऊ शकतात. धरणाचंही तसंच. ‘ही सेड द डॅम वॉज फुल’चं ‘धरण भरले होते, असे ते म्हणाले’ झालं की गावातला वाचक विचारतो, मग आता पाणी गेलं कुठे? इंग्रजी ‘वॉज’नं मंत्र्याशी सलगी नको म्हणून अंतर राखलं होतं, मराठी ‘होते’नं धरण रिकामं केलं. असल्या चुका मराठी वर्तमानपत्रांत इतक्या मुरल्या आहेत की आता कित्येकांना त्या शैली वाटतात. त्यांचं मूळ त्याच धड्यात आहे असं माझं मत आहे. ‘इज’चं ‘वॉज’ करणं हे जो बिनअर्थाचं रूपांतर म्हणून शिकला, तो परत येताना ‘वॉज’चं ‘आहे’ करायला विसरणारच.

उलट दिशेला वेगळी अडचण. मराठी फिर्यादीत ‘तुला बघून घेतो असे म्हणाला’ असतं. इंग्रजीत उतरवणाऱ्याला आता ठरवावं लागतं: ‘सेड ही वुड’ की ‘सेड ही विल’? ‘वुड’ म्हटलं की ती धमकी त्या दिवसापुरती राहते. ‘विल’ म्हटलं की ती अजून डोक्यावर टांगलेली आहे. फिर्यादीला जामिनाला विरोध करायचा असेल तर दुसरं हवं. आरोपीच्या वकिलाला पहिलं. मराठी वाक्यात हा निर्णय नव्हताच. भाषांतर करणारा तो घेतो, आणि बहुतेक वेळा आपण काही घेतला हे त्याच्या गावीही नसतं. (‘बघून घेतो’चं ‘आय विल सी यू’ झालेलं तर अनेकांनी पाहिलं असेल. इंग्रजी न्यायाधीशाला ते भेटीचं आमंत्रण वाटलं तर नवल नाही.)

हे शाळेत शिकवता येणार नाही असं शिक्षक म्हणतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, इंग्रजी ही बहुतेकांची तिसरी भाषा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि हातात एकच उत्तर असलेली मॉडेल आन्सरशीट. दोन उत्तरं बरोबर असू शकतात म्हटलं की तपासणारा आणि पालक दोघेही अस्वस्थ होतात. पण दोन उत्तरं आणणं अवघड नाही. प्रश्नात माणसं आणि वेळ घातली की ती आपोआप येतात, आणि प्रत्येक वेळेला बरोबर उत्तर एकच राहतं. सोमवारी सकाळी रेश्मा फोनवर म्हणाली, ‘आय ॲम कमिंग टुमॉरो.’ हे तू सोमवारीच दुपारी आईला कसं सांगशील? ‘रेश्मा सेड शी इज कमिंग टुमॉरो.’ ‘टुमॉरो’ला हात लावायचं कारण नाही, ‘इज’लाही नाही; मंगळवार अजून यायचाय. आणि बुधवारी वर्गशिक्षकांना? ‘शी सेड शी वॉज कमिंग येस्टरडे.’ ‘टुमॉरो’चं ‘येस्टरडे’ झालेलं कुठल्याही कोष्टकात सापडणार नाही, पण सहावीतलं मूलसुद्धा कॅलेंडरकडे पाहून ते शोधून काढेल. मग त्याला विचारता येईल की मंगळवारी रेश्मा आली का. आली असेल तर बुधवारी हे वाक्य कोणी बोलायला जाणार नाही, ‘शी केम येस्टरडे’ म्हणून मोकळा होईल. ‘शी सेड शी वॉज कमिंग’ कानावर पडलं की समजायचं, सगळे स्टँडवर वाट पाहत राहिले आणि ती आलीच नाही.